टोपी, अंबाडा आणि पाव सेकंद: सांगलीतल्या एका पोहणारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गौरी (नाव बदललं आहे) तेव्हा दहावीत होती. सांगलीतल्या एका पंचवीस मीटरच्या टँकवर सकाळच्या बॅचला यायची. १७ वर्षांखालील मुलींच्या गटात १०० मीटर फ्रीस्टाईल हा तिचा इव्हेंट. आदल्या वर्षी विभागीय शालेय स्पर्धेत तिला १ मिनिट १५.६ सेकंद लागले आणि राज्यासाठीची निवड ०.४ सेकंदाने हुकली. त्या वेगाला ०.४ सेकंद म्हणजे साधारण अर्धा मीटर. जुन्या मापात सांगायचं तर हातभर.

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि त्याच टँकवर सकाळी माझे वीस-तीस लेंथ मारतो. स्पर्धा असली की टायमकीपरच्या खुर्चीवर बसतो. एवढ्याचमुळे माझा या प्रकरणाशी संबंध आला. कोच मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. त्यात निम्मा आदर असतो, निम्मी टिंगल.

गौरीचे वडील हळदीच्या अडतीत, आई बँकेत, आणि घरात आजी. आजीचं नाव आधीच घेतोय, कारण पुढे गोष्ट तिच्यापाशीच येऊन थांबते. गौरीचे केस कमरेच्या खाली पोचणारे, दाट. त्यांची सगळी देखभाल आजीकडे. रविवारी शिकेकाईने न्हाणं, आणि एरवी रोज सकाळी वेणी घालताना तेल.

अडचण

मे महिन्यात एकदा बॅच संपल्यावर कोच तिच्या आईला म्हणाले, “वहिनी, हिचे केस कापा. निदान खांद्यापर्यंत तरी. दोन किलोचं ओझं ओढतीय पोरगी.”

आई म्हणाली घरी विचारून सांगते. घरी आजी म्हणाली, “केस कापून पदक मिळत असतं तर न्हाव्याच्या दुकानात पदकांची रास पडली असती.” वडील दुसऱ्या दिवशी स्वतः टँकवर आले. व्यापारी माणूस, त्यांनी थेट विचारलं, “सर, केसांचं राहू दे. ती रेसची टोपी असते म्हणे, महागातली. ती घातली तर किती सेकंद कमी होतात? आकडा सांगा, आणतो.”

कोचनी माझ्याकडे बघितलं. “प्रोफेसर, सांगा की शेठना.”

मला आकडा सांगता आला नाही, आणि इथूनच सगळं सुरू झालं.

तेव्हा गौरी वापरायची ती टोपी लायक्राची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची. डोक्याच्या मागे वर घट्ट अंबाडा आणि त्यावर ही टोपी. बाजूने बघितलं तर डोक्यावर लिंबू ठेवल्यासारखं दिसायचं. कापडातून पाणी आत जातं, आणि भिंतीला ढकलून निघताना टोपीचा मागचा भाग पाण्याने फुगायचा. मधल्या काळात लेटेक्सच्या टोप्याही वापरून झाल्या होत्या, पण त्या महिन्याभरात चिकट व्हायच्या आणि घालताना फाटायच्या. वडील दुकानदाराला बोल लावायचे. ही चिकट टोपी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

प्रश्न नेमका काय होता

टोपीशिवाय पोहायचं की टोपी घालून, हा प्रश्न खरं तर नव्हताच. टँकवर टोपी सक्तीची आहे, कारण केस फिल्टरमध्ये अडकतात. टोपीने केस कोरडे राहतात हाही गैरसमज. पाणी सगळ्याच टोप्यांत थोडंफार शिरतं. विचारायचं होतं ते वेगळंच: कुठली टोपी, आत केस कसे, आणि त्याने घड्याळावर दिसण्याइतका फरक पडतो का.

पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. पोहणाऱ्याला ते तीन प्रकारे अडवतं. अंगाच्या पृष्ठभागाशी घासून, शरीराच्या आकारामुळे पुढे दाब आणि मागे भोवरे तयार करून, आणि पृष्ठभागावर लाटा उठवून. केसांचं वजन हा मुद्दाच नाही. पाण्यात केस जवळजवळ तरंगतात, कोचचे ते ‘दोन किलो’ पाण्यात उरतच नाहीत. त्रास देतो तो आकार. मोकळी वेणी मागे वळवळत राहते, अंबाड्याचा उंचवटा प्रवाह मोडतो, टोपीवरच्या चुण्या बारीक भोवरे करतात.

शेठना मी कागदावर एक हिशेब करून दाखवला. हा रोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो, आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद घनाने. त्यामुळे समजा टोपीने एकूण रोध एका टक्क्याने कमी झाला, तर तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो फक्त एक तृतीयांश टक्का. गौरीचा आमच्या टँकवरचा सर्वोत्तम वेळ १ मिनिट १३.४ सेकंद. त्याचा एक तृतीयांश टक्का म्हणजे पाव सेकंदाच्या किंचित आत.

“म्हणजे पाव सेकंदाचे किती पैसे?” शेठनी विचारलं. अडतीत हा प्रश्न अगदी रास्त आहे.

पण तो एक टक्का मी हिशेबापुरता धरला होता. डोकं शरीराचा लहान भाग, आणि त्यावर आधीच एक टोपी होती. एका टोपीकडून दुसऱ्या टोपीकडे जाताना फरक एक टक्क्याचाही असेल असं मानायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. पृष्ठभागाने काय होतं हे जगाने पाहिलंय, नाही असं नाही. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पोशाख घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम केले आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. पण ते पोशाख खांद्यापासून घोट्यापर्यंत अंग आवळून धरायचे, शिवाय तरंगायला मदत करायचे. तळहाताएवढ्या उंचवट्यावरच्या टोपीकडून तसली अपेक्षा धरणं म्हणजे चिमूटभर हळदीत लग्न उरकण्यासारखं.

सकाळी येणाऱ्या ज्येष्ठांचं मत पडलं की हे सगळं थोतांड आहे. त्यांतले निम्मे लहानपणी कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. एकाने अमेरिकेच्या मार्क स्पिट्झचा दाखला काढला: १९७२, म्युनिक ऑलिम्पिक, सात सुवर्णं, सातही शर्यतींत विश्वविक्रम, आणि डोक्यावर टोपी नाही, वर ओठावर मिशी. दाखला खरा आहे. त्या मिशीने पाणी तोंडापासून दूर राहतं, अशी थाप आपण रशियन प्रशिक्षकाला मारली होती, असं स्पिट्झ स्वतःच सांगतो. दुसऱ्याने लगेच आपल्या जिल्ह्याचा माणूस पुढे केला. त्याच वर्षी, त्याच जर्मनीत, हायडेलबर्गला वाळवा तालुक्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी पॅरालिम्पिकचं ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण घेतलं, ३७.३३ सेकंदांत. “त्यांना काय टोपीने जिंकवलं व्हय?”

बिनतोड सवाल, पण त्यातून उत्तर मिळत नाही. स्पिट्झ टोपी न घालता जिंकला म्हणजे टोपी निरुपयोगी, असं होत नाही. टोपी घालून तो आणखी किती पुढे गेला असता हे कुणी मोजलेलं नाही.

समोरचे पर्याय

जूनमध्ये आम्ही टँकच्या कट्ट्यावर बसलो: कोच, तिचे आईवडील, मी. चार गोष्टी निघाल्या.

पहिली, केस कापणं. खर्च शून्य, कोचना हवं तेच, पण घरात वादळ. दुसरी, जाड सिलिकॉनची डोम टोपी, जी डोक्याच्या आकारातच ओतलेली असते, मधे शिवण किंवा कंगोरा नसतो, चुण्या पडत नाहीत. साध्या सिलिकॉन टोपीच्या काही पट किंमत. तिसरी, दोन टोप्या: आत पातळ लेटेक्स, त्यावर गॉगलचा पट्टा, त्यावर सिलिकॉन. मोठ्या स्पर्धांत हे सर्रास दिसतं आणि नियमात बसतं. चौथी, टोपीचा नाद सोडून टर्नवर, म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून वळण्यावर, काम करणं. पंचवीसच्या टँकमध्ये १०० मीटरला तीन टर्न येतात आणि गौरी प्रत्येक टर्नला भिंतीपासून लांबच वळायची. माझं मत चौथ्याकडे झुकत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं.

कोच म्हणाले, “टर्न तर करायचाच आहे. पण केस कापायला कुठं वेळ लागतो?”

तेवढ्यात आईने विचारलं, “गौरीला विचारलंय का कुणी?”

कुणीच विचारलं नव्हतं. ती दहा फुटांवर टॉवेल गुंडाळून उभी होती, ओल्या वेणीचं पाणी पिळत. म्हणाली, “कापले तरी चालतील मला. पण फरक पडणार असला तरच. उगीच नको.” चौघा मोठ्यांपेक्षा तिचं बोलणं जास्त शास्त्रीय होतं. आधी मोजायचं, मग कात्री, असं ठरलं. या प्रकरणातला मला अजूनही बरोबर वाटणारा निर्णय हाच.

मोजणी

रविवारी दुपारी टँक बंद असतो. दोन रविवार तासभर वापरायची परवानगी मिळाली, टोपीशिवाय पोहण्यासह. आम्ही चार प्रकार ठरवले: वेणी मोकळी आणि टोपी नाही, वर अंबाडा आणि लायक्रा, वर अंबाडा आणि सिलिकॉन, आणि चौथा, दोन बारीक वेण्या घालून त्या मानेच्या खोलगट भागात चपट्या गुंडाळायच्या, वरून सिलिकॉन. डोम टोपी आणली नव्हती. आधी साध्या सिलिकॉनने काही दिसतंय का बघू, असा विचार.

पहिली चाचणी २५ मीटर जोरात, भिंतीला ढकलून सुरुवात. तिघांकडे स्टॉपवॉच. हाताने वेळ घेताना तिन्ही आकडे वेगळे आले तर मधला धरतात, तेच केलं. प्रत्येक प्रकार एका रविवारी दोनदा, क्रम चिठ्ठ्या टाकून, मधे पाच मिनिटं विश्रांती. सलग एकाच क्रमाने केलं असतं तर शेवटच्या प्रकाराच्या माथी तिचा थकवा मारला गेला असता.

सरासरी अशी आली: मोकळी वेणी १७.० सेकंद, लायक्रा १६.७, वर अंबाडा आणि सिलिकॉन १६.७, चपट्या वेण्या आणि सिलिकॉन १६.६.

कोच खूश झाले. “बघा, चार दशांश! आपल्याला तेवढेच पाहिजे होते.” मी त्यांना वही दाखवली. एकाच प्रकारात, एकाच टोपीत तिचे दोन आकडे ०.३ सेकंदाने वेगळे होते. एकाच लेंथला माझं आणि कोचचं घड्याळ ०.२ ने वेगळं. टोपी नाही आणि टोपी आहे यांतला फरक कदाचित खरा असेल. तीन टोप्यांमधला फरक मात्र आमच्या अंगठ्यांमधला फरक होता.

दुसऱ्या रविवारी म्हणून आणखी एक चाचणी केली, आणि ती जास्त उपयोगी ठरली. भिंतीला ढकलायचं, हात डोक्यापुढे ताणून बाणासारखं राहायचं, लाथ नाही, हात नाही. जिथे थांबेल तिथे काठावर खडूची खूण. यात थकवा आणि स्ट्रोक दोन्ही बाद होतात. उरतो तो तिने घेतलेला धक्का आणि पाण्याचा रोध. मोकळ्या वेणीने ती सरासरी ७.१ मीटर गेली, लायक्राने ७.६, चपट्या वेण्या आणि सिलिकॉनने ७.९. खुणा एकमेकींत वीस-तीस सेंटीमीटर मागेपुढे होत्या, पण वेणीची एकही खूण टोपीच्या खुणांपर्यंत पोचली नाही.

खडूची खूण करायला मी काठावर उकिडवा बसलो होतो, त्यामुळे एक गोष्ट दिसली. अंबाडा वर असला की ताणलेले दोन्ही दंड डोक्यामागे नीट मिटत नव्हते. मधे अंबाडा यायचा, कोपरं किंचित फाकायची आणि हनुवटी वर यायची. केस मानेत गेले की दंड कानांना चिकटायचे आणि डोकं हातांच्या मधे बसायचं. म्हणजे ७.६ चे ७.९ झाले त्यात टोपीच्या गुळगुळीतपणाचा वाटा किती आणि डोकं खाली बसल्याचा किती, हे आमची चाचणी सांगू शकत नव्हती. वर अंबाडा आणि सिलिकॉन हा प्रकार या दुसऱ्या चाचणीत घ्यायचाच राहिला; वेळ संपला आणि वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहिला. तो घेतला असता तर दोन्ही वाटे थोडेफार वेगळे करता आले असते. माझी चूक. अकरावीच्या मुलांना ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ असं मी दरवर्षी शिकवतो.

माझा अंदाज विचाराल तर मोठा वाटा डोक्याच्या स्थितीचा. डोकं वर आलं की कंबर खाली जाते आणि अख्खं धड पाण्याला आडवं येतं. टोपी कितीही गुळगुळीत असली तरी ती हे भरून काढू शकत नाही.

निर्णय

केस कापायचे नाहीत. चपट्या वेण्या मानेत. सरावाला लायक्रा, कारण उन्हाळ्यात पाणी कोमट होतं आणि सिलिकॉनमध्ये डोकं तापतं. स्पर्धेला सिलिकॉन. शेठनी तरीही एक डोम टोपी मागवलीच. “पाव सेकंद तर पाव सेकंद,” म्हणाले. कोचनी केसांचा विषय सोडला आणि टर्न हातात घेतला. जुलैभर गौरी भिंतीपाशी कोलांट्या मारत होती.

टोपीबद्दलचं हे सगळं ठरलं कोरड्या, न्हालेल्या केसांवर. दोन्ही चाचण्या रविवारच्या होत्या.

जिल्हा स्पर्धा

ऑगस्टमध्ये स्पर्धा एकदा पुढे गेली. आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं आणि त्या आठवड्यात सांगलीत कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. नवी तारीख आली ती शुक्रवारची.

त्या सकाळी गौरी आली तेव्हा तिच्या केसांना नेहमीपेक्षा जास्त चमक होती. स्पर्धेचा दिवस, डोकं थंड राहावं म्हणून आजीने खोबरेल तेल अंमळ जास्तच चोळलं होतं. कोचना ती चमक दिसली होती. नंतर त्यांनी ते कबूल केलं. पण त्या घाईत बोलायचं काय, आणि आजीने लावलेल्या तेलाला नाव कोण ठेवणार.

डोम टोपी पहिल्यांदाच डोक्यावर चढली ती त्या दिवशी. आईने दोन्ही हात आत घालून टोपी ताणून धरली, गौरीने कपाळाला कड लावून डोकं आत सारलं. बसली. वरून गॉगल. आरशात छान दिसत होती.

मी चौथ्या लेनला घड्याळ घेऊन होतो, ती तिसऱ्या लेनला. शिट्टी, सूर. ती पाण्यावर आली तेव्हा टोपीची कड कपाळावरून डोक्याच्या मध्यापर्यंत सरकली होती. तेलकट केसांवरून सिलिकॉन असं घसरतं जसं ओल्या साबणाच्या वडीवरून कागद. टोपीसोबत वर बांधलेला गॉगलचा पट्टाही गेला, डावी काच पाण्याने भरली. पंधरा मीटरपर्यंत टोपी डोक्यावर एखाद्या फुग्यासारखी उभी होती. पहिल्या टर्नच्या आधी तिने एक हात वर नेऊन ती ओढायचा प्रयत्न केला, लय मोडली, आणि महिनाभर घोटलेला टर्न हाताने भिंत धरून झाला. पन्नासाला टोपी निघून गेली आणि लेनच्या दोरीला अडकून राहिली. पुढचे पन्नास ती उघड्या वेण्यांनी पोहली.

टोपी निघाली म्हणून कुणी बाद होत नाही, हे तिला माहीत नव्हतं. नंतर म्हणाली, “मला वाटलं डिस्क्वालिफाय करतील, म्हणून ओढत होते.” हे सांगायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. तीन महिने आम्ही टोपीवर बोलत होतो.

वेळ १ मिनिट १६.२. सरावापेक्षा जवळजवळ तीन सेकंद जास्त. पाव सेकंद वाचवायला गेलो होतो. मात्र तिच्या गटात स्पर्धक थोडे होते. दुसरी आली आणि विभागाला गेली.

तेल

संध्याकाळी शेठनी डोम टोपी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आतून बोट फिरवलं तर बोटावर तेलाचा थर. तेव्हा कुठे मला त्या चिकट लेटेक्सच्या टोप्या आठवल्या. लेटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर, आणि तेल रबराला खातं: ते फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं, फाटतं. दुकानदाराचा काही दोष नव्हता. सहा महिने दर टोपी आम्हाला हेच सांगत होती. सिलिकॉन तेलाने तसं विरघळत नाही, म्हणून आम्हाला वाटलं त्रास संपला. उलट सिलिकॉन फाटत नाही, घसरतं.

आजीशी बोलायचं काम माझ्यावर आलं, कारण मी बाहेरचा. मी घरी गेलो, चहा झाला, आणि टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत बोट फिरवलं, वास घेतला, काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग आधी सांगायचं. मी काय शत्रू आहे तिची?” खरंच आहे. केस कापायचे का, हे आजीला विचारायला माणसं गेली. तेल कधी लावता, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. शेवटी तोड त्यांनीच काढली: आदल्या रात्री शिकेकाईने न्हाणं, आणि तेल शर्यत झाल्यावर.

विभागीय स्पर्धा आणि निष्पत्ती

विभागाच्या आधी आम्हाला तीन आठवडे मिळाले. डोम टोपी घालून सूर आणि टर्न, आठवड्यातून दोनदा. दोन टोप्यांचाही प्रयोग झाला. आत लेटेक्स, मधे गॉगलचा पट्टा, वर डोम. लेटेक्स केसांना धरून राहतं आणि सिलिकॉन लेटेक्सला, त्यामुळे पकड दुहेरी. तोटाही आहे. पट्टा मधे दाबला गेला की गॉगल पोहताना नीट करता येत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं आणि दोन टोप्यांमुळे त्याला तो काढता आला नाही. स्ट्रोक मोजत, जवळजवळ आंधळा पोहत त्याने १ मिनिट ५२.०३ चा विश्वविक्रम केला. पण तो फेल्प्स. गौरीला आम्ही दोनदा मुद्दाम गॉगलमध्ये पाणी भरून पोहायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आता कळलं, पुरे.

विभागात ती दोन टोप्या घालून उतरली. टोपी जागेवर राहिली. वेळ १ मिनिट १४.१.

हा आकडा जिल्ह्याच्या आकड्याशी किंवा आमच्या टँकवरच्या १३.४ शी ताडून बघायचा नाही. विभागाचा तलाव पन्नास मीटरचा. तिथे १०० मीटरला एकच टर्न, आणि भिंतीला ढकलून मिळणारा फुकटचा वेग दोन वेळा कमी. ताडायचं ते आदल्या वर्षीच्या त्याच तलावातल्या १५.६ शी. म्हणजे दीड सेकंद सुधारणा. यातली टोपीची किती? वर्षभरात ती दोन इंच वाढली होती, टर्न सुधारला होता, डोकं खाली बसायला लागलं होतं. कोच सगळं श्रेय टर्नला देतात. शेठ टोपीला. मला कुणी हट्टाने विचारलं तर मी म्हणेन, टोपीचा वाटा शून्य ते पाव सेकंदांत कुठेतरी, आणि तो आमच्या घड्याळांना दिसणारा नाही.

ती चौथी आली. निवड पुन्हा हुकली, या वेळी ०.९ ने, मुलीही वेगवान झाल्या होत्या. गॅलरीत आजी तेलाची बाटली पिशवीत घेऊन बसली होती.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, स्पर्धेची टोपी स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायला नको होती. बूट नवे घालून कुणी मॅरेथॉन पळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. टोपीच्या बाबतीत वाटलं, त्यात काय सवय करायची.

दुसरं, आम्ही चाचणी सोयीच्या दिवशी घेतली. रविवार, टँक रिकामा, केस न्हालेले. स्पर्धा येते ती आडवारी, घाईत, तेल लावलेल्या डोक्याने. एकच चाचणी आडवारी घेतली असती तर टोपी जूनमध्येच निघून आली असती आणि हसण्यावारी गेली असती.

केसांच्या बाबतीत कोचचं म्हणणं सरसकट चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. १९८९ मध्ये शार्प आणि कॉस्टिल या संशोधकांनी पोहणाऱ्यांच्या अंगावरचे केस काढून बघितलं, तेव्हा तेवढ्याच पोहण्याला रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे श्रमाने वाढणारं द्रव्य, कमी आढळलं. म्हणजे केसांचा पाण्याशी संबंध आहेच. पण तो उघड्या अंगावरच्या केसांचा मामला, टोपीखालच्या नव्हे. टोपी बसली की आतले केस पाण्याला दिसत नाहीत, दिसतो तो फक्त त्यांनी केलेला आकार. हा फरक मी मे महिन्यातच स्पष्ट बोललो असतो तर एका घरात पंधरा दिवस अबोला झाला नसता.

आणि टोपी निघाली तर काय करायचं, हे सूर मारण्याआधी एका वाक्यात सांगता येतं: सोडून दे, पोहत राहा. आता कोच प्रत्येक मुलाला सांगतात.

सध्या

गौरी अकरावीला गेली आणि जूनमध्ये तिने स्वतःच केस खांद्यापर्यंत कापले. पोहण्यासाठी नाही, सकाळच्या बॅचनंतर ते वाळत नाहीत आणि कॉलेजला ओल्या केसांनी जावं लागतं म्हणून. आजी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी उरलेल्या केसांना तेल लावून दिलं. रविवार होता, चाललं.

कोचनी लगेच घड्याळ काढलं: आता परत २५ मीटर घेऊ, बघू. घेतले. १६.५, १६.८, १६.६. वहीत आधीच्या आकड्यांखाली लिहून ठेवले आहेत.

डोम टोपी मात्र आता तिला ढिली पडते. ती घेतली होती मानेतल्या वेण्यांसकट मापात बसणारी. आत केस उरले नाहीत, त्यामुळे कपाळाच्या वर चुण्या पडतात आणि ढकलून निघताना मागे पाणी साठतं. शेठ परवा विचारत होते, लहान साईझ मागवू का.